गलबतवाल्या पूर्वजाचा माग : महाड-पोलादपूरचे कागद काय सांगतात

"आपली पूर्वी गलबतं होती." सावित्रीच्या खोऱ्यातल्या बऱ्याच घरांत हे वाक्य ऐकायला मिळतं. कुणाच्या घरी ते पणजोबांबद्दल असतं, कुणाच्या घरी त्यांच्याही वडिलांबद्दल. किती गलबतं, नावं काय, कुठल्या बंदराची, पुढे त्यांचं काय झालं, असं विचारलं की मात्र सांगणारा अडतो. घराण्याचा अभिमान शाबूत असतो, पुरावा नसतो. हा पुरावा कुठे शोधायचा आणि सापडलेल्या कागदातून नेमकं काय सिद्ध होतं, हे इथे पाहू.

महाड म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो मुंबई-गोवा महामार्ग, औद्योगिक वसाहत, चवदार तळं आणि रायगडाची वाट. डोलकाठी कुठेच दिसत नाही. त्यामुळे समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत गलबतं कशी असतील, ही शंका साहजिक आहे. तिचं उत्तर भूगोलात आहे.

डोंगरातलं बंदर

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते, तिथे गांधारी तिला मिळते, आणि दासगाव, म्हाप्रळ करत ती बाणकोटला समुद्रात जाते. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की शहरात पाणी शिरतं, त्याचं एक कारण हेच. याच भरतीवर स्वार होऊन पूर्वी गलबतं आत यायची. मोठी गलबतं दासगावला थांबत, हलक्या बांधणीची महाडपर्यंत येत. ओहोटीबरोबर ती परत निघत. महाडचा बाजार वसला तो या चढत्या-उतरत्या पाण्यावर.

या बंदराचं दुसरं टोक घाटावर होतं. पारघाट, वरंध आणि पुढे आंबेनळी या वाटांनी वाई, सातारा, भोरकडचा माल बैलांच्या पाठीवरून आणि नंतर गाड्यांतून खाली येई. गूळ, कांदे, मिरची खाली उतरे. मीठ, खजूर, सुकी मासळी, कापड, लोखंड वर चढे. कोकणचा तांदूळ आणि जंगलातला हिरडा गलबतांत भरून मुंबईला जाई. पोलादपूर या साखळीतलं मधलं ठिकाण. तिथवर गलबत पोचत नव्हतं, पण गलबतात काय भरायचं आणि त्यातून उतरलेलं कुठे न्यायचं, हे ठरवणारी माणसं तिथे होती. पोलादपुरातल्या घरात गलबताची आठवण असेल, तर ती मालकीची, मालाची की बैलांच्या तांड्याची, हा प्रश्न आधीच टिपून ठेवावा.

राजकारणालाही ही वाट ठाऊक होती. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पुण्याहून निघाला तो महाडला आला. तिथून सुवर्णदुर्ग आणि मग समुद्रमार्गे वसई. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. सव्वाशे वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी बोटीनेच येऊन दासगावला उतरले. म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही मुंबईहून महाडला येण्याची रुळलेली वाट पाण्याची होती. शिडाची गलबतं आगबोटींमुळे मागे पडली, आणि दोन्हींना मोटाररस्त्याने संपवलं. ज्यांचे पणजोबा १९०० च्या आसपास कर्ते होते, त्यांच्या घरची गलबताची गोष्ट म्हणूनच अशक्य नाही. ती तपासायची आहे एवढंच.

चर्चची वही आणि न्यायालयातलं मृत्युपत्र

असा शोध इंग्लंडमधल्या माणसाला तुलनेने सोपा जातो. तिथे १५३८ पासून प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत असा हुकूम होता. त्यामुळे आजोबा, पणजोबा अशा पायऱ्या चर्चच्या वहीतून उतरता येतात. दुसरा आधार मृत्युपत्राचा. मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाकडून प्रमाणित करून घेणं, म्हणजे प्रोबेट. हे काम १८५८ पर्यंत तिथली धर्मन्यायालयं करत, नंतर दिवाणी यंत्रणेकडे आलं. समुद्रावर किंवा परदेशात मेलेल्या इंग्रजांची मृत्युपत्रं बहुधा कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत आणि त्यांच्या नकला आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. शिवाय ब्रिटिश कायद्याने १८२० च्या दशकापासून नोंदणीकृत जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत धरली. एखाद्या मृत्युपत्रात अमुक जहाजाचे सोळा हिस्से थोरल्या मुलाला, असं लिहिलेलं असेल, तर पूर्वज जहाजाच्या चौथाईचा मालक होता हे एका ओळीत कळतं.

गोव्यातही असाच आधार मिळतो. तिथल्या चर्चच्या वह्यांबरोबर वारसाहक्काच्या वेळी होणाऱ्या मालमत्तेच्या मोजदादीचे, म्हणजे इन्व्हेंटारिओचे, खटले असतात. रोजेरिओ द फारिया हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले मूळ गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी. मुंबईत राहून त्यांनी चीनच्या व्यापारात जहाजं घातली. जमशेटजी जीजीभाईंच्या व्यापारात ते भागीदार होते. त्याच भागीदारीत नाखुदा महमद अली रोगे हे कोकणी मुसलमान जहाजमालकही होते. एकाच पेढीतले हे दोघे. पण वंशज म्हणून शोध घ्यायचा तर फारियांसाठी चर्चची वही उघडता येते, रोग्यांसाठी दुसरेच कागद काढावे लागतात. धर्म बदलला की दप्तर बदलतं, हे अशा शोधातलं पहिलं सूत्र.

सावित्रीच्या मुखाशी याचं एक दुःखद उदाहरण आहे. महाबळेश्वरचा आर्थर सीट हा कडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी १८५३ साली बाणकोटजवळ नाव उलटून बुडाल्या. त्यांच्याबरोबर नावेवरचे खलाशीही गेले. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी लिहिलेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांचे उतारे दरवर्षी लंडनला जात. ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्रज मृतांसाठी अशी तयार व्यवस्था होती. खलाशांसाठी त्यातली एकही ओळ राखून ठेवलेली नव्हती. महाडच्या माणसाला आपला पूर्वज चर्चच्या वहीत सापडणार नाही. त्या वहीचं काम इथे चार-पाच वेगवेगळ्या दप्तरांनी मिळून केलं आहे.

जन्म-मृत्यूचा माग

यातलं सगळ्यांत उपयोगी दप्तर म्हणजे गाव नमुना १४, बोलीभाषेत कोतवाल बुक. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने तहसील कार्यालयांचे अभिलेख कक्ष उघडले गेले, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. जातीची नोंद शोधणाऱ्यांनी त्यातला एकच रकाना पाहिला. घराण्याचा शोध घेणाऱ्याने बाकीचेही पाहावेत. बापाचं नाव, मृत्यूचं कारण, वय, कधी धंदाही तिथे मिळतो. जुन्या नोंदी मोडीत असतात.

दुसरं साधन शाळेचं जनरल रजिस्टर. मुलाचं नाव घालताना बापाचा धंदा लिहिण्याची पद्धत अनेक शाळांत होती. पणजोबांची स्वतःची नोंद नसली तरी त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आजोबांच्या दाखल्यात 'व्यापार', 'शेती' किंवा 'खलाशी' असा शब्द सापडू शकतो. तो धंदा सरकारी कामासाठी नाही तर मुलाला शाळेत घालताना सहज सांगितलेला असतो. म्हणून त्याला वजन आहे.

तिसरं तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या पुरोहितांकडे गावनिहाय यजमानांच्या वह्या असतात. यात्रेला आलेला माणूस आपल्या बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव तिथे लिहवून घेई, कधी स्वतः सही करी. पाच-सहा पिढ्यांची साखळी एका पानावर मिळण्याची शक्यता इथेच जास्त. गावाचं जुनं नाव आणि आडनाव दोन्ही सांगावं लागतं. कोकणस्थ, देशस्थ, कायस्थ प्रभू वगैरे समाजांतल्या अनेक घराण्यांनी विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले, तेही पाहावेत. मात्र त्यातली माहिती घराण्यानेच पुरवलेली असते, हे विसरू नये.

चौथं साधन मुसलमान घरांसाठी. महाड, दासगाव, म्हाप्रळ, बाणकोट या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे आणि समुद्रावरचा धंदा त्यांच्यात मोठा होता. निकाहाची नोंद काझीकडे, जमातीची वर्गणी आणि वक्फाच्या मिळकती मशिदीच्या दप्तरात. मेहेरची रक्कम, साक्षीदारांची नावं आणि वलीचं, म्हणजे वधूच्या पालकाचं, नातं यांतून दोन घराण्यांचे संबंध कळतात. गलबताची भागीदारी बऱ्याचदा सोयरिकीतूनच जमलेली असे.

तांडेल, नाखवा, सारंग, नाखुदा ही आडनावं आढळली तर ती दिशा दाखवतात, पुरावा म्हणून पुरी पडत नाहीत. तांडेल म्हणजे गलबत चालवणारा. तो मालक असेलच असं नाही. घराच्या गोष्टीत गलबतावर हुकूम चालवणारा पूर्वज दोन पिढ्यांनी सहज गलबताचा धनी होतो.

वारसाचे कागद

मृत्युपत्र मिळालं तर उत्तमच, पण हिंदू घरांत ते जुन्या काळी क्वचितच असे. कारण कायद्यातच होतं. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात पुरुष वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांकडे आपोआप जाई. वाटून द्यायला स्वतंत्र असं काही नसे, म्हणून मृत्युपत्रही नसे. मुसलमानांत वारसांचे हिस्से शरियतनेच ठरलेले आणि मृत्युपत्राने देता येणारा भाग साधारण एक-तृतीयांशापर्यंत. म्हणून महाडच्या गलबतवाल्याचं प्रोबेट शोधण्यात वर्ष घालवण्याआधी दुसरे तीन कागद शोधावेत.

पहिला वारस दाखला. मुंबई इलाख्यात १८२७ चा आठवा विनियम लागू झाला. मृताचा वारस, व्यवस्थापक किंवा प्रशासक कोण, हे दिवाणी न्यायालयाने औपचारिकरीत्या मान्य करण्याची ती सोय. महाराष्ट्रात तो आजही वापरात आहे. अर्जात मृताचं नाव, मृत्यूची तारीख, वारसांची यादी आणि मालमत्ता येते. हरकती मागवल्या जातात. गलबत किंवा त्यातला हिस्सा ही जंगम मालमत्ता असल्याने, आणि कर्ज वसूल करायला दाखला लागत असल्याने, व्यापारी घराण्यांत असे अर्ज होण्याची शक्यता शेतकरी घरांपेक्षा जास्त. वडिलांचं येणं वसूल करण्यासाठी मुलाने काढलेला उत्तराधिकार दाखला हा त्याचाच धाकटा भाऊ.

दुसरा वाटणीचा किंवा कर्जाचा दावा. एकत्र कुटुंब मोडलं की भाऊ न्यायालयात जात आणि त्या वेळी दावापत्राला मालमत्तेची यादी जोडावी लागे. घर, बाग, भांडी, दागिने यांच्या रांगेत गलबत आणि त्यातला भाग लिहिला जाई. जे मृत्युपत्राने इंग्लंडमध्ये साधतं, ते इथे भाऊबंदकीने साधलं आहे. न्यायालयं सगळी कागदपत्रं कायम ठेवत नाहीत. हुकूमनामे आणि नोंदवह्या मात्र मूळ फायलींपेक्षा जास्त काळ टिकतात. म्हणून आधी नोंदवहीतून दाव्याचा क्रमांक काढावा, मग कागदांची चौकशी करावी.

तिसरा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला दस्त. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मिळकतीचे दस्त पहिल्या पुस्तकात, मृत्युपत्रं आणि दत्तकाचे अधिकार तिसऱ्या पुस्तकात, आणि स्थावराशी संबंध नसलेले दस्त चौथ्या पुस्तकात जातात. गलबताचं गहाणखत किंवा विक्री नोंदवलेली असेल तर ती चौथ्या पुस्तकात असण्याची शक्यता. पहिलं पुस्तक आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते. मृत्युपत्र करणारा वारल्यानंतर तिसऱ्या पुस्तकातली नक्कलही कोणीही अर्जदार मागू शकतो. चौथ्या पुस्तकाची नक्कल मात्र दस्त करणाऱ्याला किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यालाच मिळते, म्हणून अर्जाला वंशावळ जोडावी.

महाडच्या व्यापाऱ्याची मुंबईत मिळकत असेल, तर चित्र बदलतं. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावराबद्दल केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटच्या चौकटीत आणलं, आणि १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने ती अट दीर्घ काळ चालू ठेवली. मांडवी किंवा मशीद बंदरात वखार असलेल्या महाडकराचं मृत्युपत्र त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात शोधता येतं. अर्जासोबत मालमत्तेचं परिशिष्ट असतं. गलबताची अंदाजे किंमत तिथे रुपयांत मिळू शकते.

गलबताचे स्वतःचे कागद

माणसांइतकीच गलबतांचीही नोंद होई. १८३८ च्या किनारी जहाजांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या किनारी व्यापाराच्या आणि मासेमारीच्या नावांना नोंदणी, क्रमांक आणि बंदराचं नाव बंधनकारक केलं. हे काम जकात खात्याकडे होतं. म्हणून शोध बंदर आणि जकात या दोन शब्दांनी घ्यायचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात महसूल, जकात आणि सागरी खात्यांचे खंड आहेत. त्यांत प्रत्येक गलबत मिळेलच असं नाही, पण बुडालेल्या मालाची माफी, जकातीचा वाद, बंदरावरची तक्रार अशा निमित्ताने मालक आणि तांडेल दोघांची नावं येतात. सुरळीत चाललेल्या धंद्याने कागद कमी केले, अडलेल्या धंद्याने जास्त.

१८१८ च्या आधीचा शोध पुण्याच्या पेशवे दप्तरात. तिथे प्रांतवार हिशेबांबरोबर आंग्रे दप्तरही आहे. जकातीचे आकार, बंदरांची जमा, आरमाराचा खर्च अशा कागदांत नावं मिळतात. त्याहून मागे जायचं तर पणजीचं पुराभिलेखागार. पोर्तुगीज आपल्या समुद्रात फिरणाऱ्या इतरांच्या जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावत. त्यात जहाज, नाखुदा, हत्यारं आणि कुठून कुठे जायचं ते लिहिलेलं असे. एकट्या कुटुंबाच्या शोधात इतक्या मागे जाणं फारच थोड्यांना शक्य होतं, पण ज्यांच्याकडे घराण्याची सनद किंवा वतनाचा कागद आहे त्यांनी हा पल्ला मनात ठेवावा.

जुन्या कागदातली तारीख लावताना चूक होते. शके असेल तर ७८ मिळवावेत, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. मोडी कागदावर शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१. पणजोबांचं गलबत पणजोबांच्या जन्माआधी बुडालं, असा निष्कर्ष निघाला की आधी सन तपासावा.

एक नदी, तीन दप्तरं

महाडकडचे अनेक शोध अडतात ते एका साध्या कारणाने. पूर्वज चुकीच्या जिल्ह्यात शोधला जातो. महाडचा भाग १८६६ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, नंतर कुलाब्यात आला. कुलाब्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. १८६६ च्या आधीचे महसुली कागद अलिबागपेक्षा रत्नागिरीच्या मालिकांत असण्याची शक्यता म्हणूनच जास्त. पोलादपूर दीर्घ काळ महाडला जोडलेलं होतं, तेव्हा तिथले जुने कागद महाडच्या नावाने मागावेत.

नदीच्या मुखाकडे गेलं की आणखी गुंता. दक्षिण तीरावरचं बाणकोट १७५६ च्या तहाने, म्हणजे बाकीच्या कोकणाच्या साठेक वर्षं आधी, इंग्रजांकडे गेलं. तिथल्या किल्ल्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. उत्तरेकडची श्रीवर्धनची बाजू १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होती. १८१८ च्या आधी एकच तांडेल महाडहून निघून बाणकोटला जकात भरून श्रीवर्धनला माल उतरवू शकत होता आणि त्याच्या एका फेरीचे कागद तीन सत्तांच्या दप्तरांत पडू शकत होते. शोधाच्या सुरुवातीला एका कागदावर नदीचा नकाशा काढून कोणत्या गावावर कोणत्या साली कोणाचा अंमल होता, हे लिहून काढावं. त्याने निम्मी पायपीट वाचते.

जमिनीवर उतरलेला पैसा

गलबत कमावतं झालं की त्याचा पैसा जमिनीत जाई. बुडालं की जमिनीवर कर्ज चढे. दोन्ही वेळा तलाठ्याच्या दप्तरात ओळ पडे. १९०३ च्या हक्कनोंद कायद्यानंतर फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, पद्धतशीर लिहिला जाऊ लागला. वारसांची नोंद ६-क मध्ये. फेरफाराची एक नोंद वाचली की खरेदी कोणाकडून, किती रुपयांना, गहाण कोणाकडे, वारस कोण, हे सगळं मिळतं. आजच्या सातबाऱ्यावरून मागच्या फेरफाराचा क्रमांक, त्यावरून त्याच्या आधीचा, असं पायरी पायरीने मागे जाता येतं. महाड शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका पाहावी. नदीकाठची वखार कोणाच्या नावावर होती, हे तीच सांगते. घरात कीर्द-खतावण्या उरल्या असतील तर त्या सर्वांत मौल्यवान. त्यांत गलबताचं खातं वेगळं काढलेलं असे.

आता हे सगळं एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, घरात एवढंच ठाऊक आहे की पणजोबांचं गलबत मुंबईहून येताना बुडालं आणि घर कर्जात गेलं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचा धंदा 'व्यापार' निघाला. फेरफारात १९०० नंतरच्या दशकात दोन शेतं एका सावकाराकडे गहाण पडल्याची नोंद मिळाली. दिवाणी न्यायालयाच्या नोंदवहीत त्याच सावकाराचा त्याच सुमारास पणजोबांविरुद्ध दावा दिसला. एवढ्याने गलबताची मालकी सिद्ध झाली का? नाही. व्यापार आणि कर्ज सिद्ध झालं. दाव्यात कर्जाचं कारण गलबतातला माल असं असेल, तर पणजोबा माल भरणारे होते. गलबत स्वतः तारण दिलेलं असेल, तरच ते मालक किंवा भागीदार. प्रत्येक कागदाला तो जेवढं सांगतो तेवढंच बोलू द्यावं.

समुद्रापार गेलेले

या खोऱ्यातली बरीच माणसं पुढे आगबोटींवर खलाशी झाली, काही दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊन स्थिरावली. त्यांच्या वंशजांना तिथल्या दप्तरात जे मिळतं, ते महाडमध्ये राहिलेल्यांना हेवा वाटावा असं आहे. दक्षिण आफ्रिकेत मृत्यूनंतर मालमत्तेची फाइल होते आणि तिच्यातल्या मृत्युसूचनेत जन्मगाव, आईबाप, जोडीदार, मुलं आणि मिळकत लिहितात. त्यामुळे केपटाउनला वारलेल्या चुलतपणजोबांच्या फायलीत महाडच्या घरातल्या खापरपणजोबांचं नाव सापडू शकतं. ब्रिटिश जहाजांवर काम केलेल्यांसाठी १९१५ सालच्या खलाशांच्या याद्या लंडनच्या संस्थांनी इंटरनेटवर आणल्या आहेत. त्यांत भारतीय खलाशीही आहेत. घरातलं कुणी परदेशी गेलं असेल, तर शोधाची सुरुवात तिथून करणं अनेकदा सोपं पडतं.

आधी घरचे कागद

सरकारी दप्तर उद्याही असेल, घरचे कागद असतीलच असं नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरातल्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं तेव्हा फर्निचरबरोबर पेट्या आणि वह्याही भिजल्या. तेव्हा दस्तऐवज, खरेदीखतं, कीर्दी, लग्नपत्रिका, जुनी पत्रं यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढून त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या गावी ठेवाव्यात. भिजलेला कागद उन्हात वाळवू नये. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये कोरा शोषक कागद घालून वाळवावा. जुना कागद लॅमिनेट करू नये, तो नंतर सोडवता येत नाही. मोडी वाचता येत नसेल तर ती वाचणाऱ्याकडे फोटो न्यावा, मूळ कागद घरीच राहू द्यावा.

घरातल्या वयस्क माणसांशी बोलताना प्रश्न छोटे विचारावेत. "आपली गलबतं होती का?" असं विचारलं की "होती" हेच उत्तर येतं. माल कुठे उतरायचा, हिशेब कोण लिहायचं, पावसाळ्यात गलबत कुठे ओढून ठेवायचे, खलाशी कोणत्या गावचे असायचे, हे विचारलं तर खरी आठवण आणि ऐकीव अभिमान वेगळे होतात. पावसाळ्यात गलबत ओढून ठेवण्याची जागा ज्याला सांगता येते, त्याच्या घराण्याचा गलबताशी संबंध असण्याची शक्यता मोठी.

आणि निघालेल्या उत्तराची तयारी ठेवावी. महाडसारख्या बंदरात एका गलबतात अनेकांचे भाग असत. एकाने सागवान दिलेलं, दुसऱ्याने पैसा, तिसरा स्वतः तांडेल. शोधाअंती पणजोबा ताफ्याचे मालक न निघता एका मचव्यातल्या चार आण्यांचे भागीदार निघतील, किंवा दुसऱ्याच्या गलबतात हिरडा भरणारे पोलादपूरकडचे व्यापारी निघतील. घरच्या गोष्टीपेक्षा हे उत्तर लहान वाटेल. पण त्यात नाव, साल, रक्कम आणि भागीदार असतील, आणि ते कुणालाही तपासता येईल. सावित्रीवरून घाट आणि मुंबई यांना जोडणारा व्यापार अशाच चार-चार आण्यांच्या भागांवर चालला होता. ते भाग घरोघरचे कागद एकत्र ठेवल्याशिवाय जुळणार नाहीत, म्हणून सापडलेली वंशावळ आणि नकला शेजारच्या घरालाही दाखवाव्यात. तुमच्या पणजोबांच्या गलबतातला दुसरा भागीदार बहुधा त्याच आळीत राहत होता.